दमलेला हात की फिरलेलं नशीब?

३ सप्टेंबर २०१९ची रात्र, वॉशिंग्टन. बेसबॉलच्या सामन्यातली नववी, म्हणजे शेवटची इनिंग. (एका इनिंगमध्ये आधी पाहुणे आणि मग यजमान, तीन-तीन गडी बाद होईपर्यंत बॅटिंग करतात.) पाहुण्या न्यूयॉर्क मेट्सच्या १० धावा, यजमान नॅशनल्सच्या ४. त्या दहांपैकी पाच धावा मेट्सनी नुकत्याच, याच इनिंगच्या पहिल्या अर्ध्यात, नॅशनल्सच्या राखीव पिचर्सना, म्हणजे गोलंदाजांना, झोडपून काढल्या होत्या. आता नॅशनल्सची शेवटची पाळी. सहा धावांची पिछाडी आणि हातात तीन आउट. अशा अवस्थेतून जिंकलेले सामने हजारात बोटांवर मोजण्याइतके निघतात.

मग मेट्सच्या राखीव पिचर्सनी आपला पराक्रम दाखवला. पॉल सीवॉल्डला एकच गडी बाद करता आला. त्याला काढून लुइस अविलानला एका फलंदाजापुरतं आणलं; त्यालाही हिट बसली, म्हणजे फलंदाज चेंडू मारून सुखरूप बेसवर पोचला. शेवटी एड्विन डियाझ आला. मेट्सनी त्याला आदल्या हिवाळ्यात सिॲटलकडून खास याच कामासाठी मिळवलं होतं. त्याला रायन झिमरमनने दोन धावांचा डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला आणि कर्ट सुझुकीने तीन धावांचा होम रन (थेट कुंपणापलीकडचा फटका). अर्ध्या इनिंगमध्ये सात धावा. नॅशनल्स ११, मेट्स १०.

त्या सामन्याची चित्रफीत मी अजूनही अधूनमधून बघतो. सगळे सुझुकीकडे बघतात, मी मेट्सच्या मॅनेजरकडे बघतो. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे कार्यालयात बसणारा नव्हे. मैदानाच्या कडेला बसून कोणी कधी चेंडू टाकायचा हे ठरवणारा माणूस. सप्टेंबर महिना, हंगाम संपायला चार आठवडे, आणि ज्याच्या हाती चेंडू द्यावा तो मार खातो. अशा वेळी त्याने करायचं काय?

क्रिकेटवाल्यांसाठी आधी थोडं बाड उलगडतो. सामना सुरू करणाऱ्या पिचरला स्टार्टर म्हणतात. तो पाच-सहा इनिंग टाकतो आणि मग साधारण चार दिवस विश्रांती घेतो. उरलेल्या इनिंग टाकणारे ते रिलीव्हर, आणि त्यांच्यातला सर्वांत भरवशाचा, शेवटची इनिंग सांभाळणारा, तो क्लोजर. हे सगळे जिथे बसतात आणि हात गरम करतात ती जागा म्हणजे बुलपेन. बहुतेक मैदानांवर ती बाहेरच्या कुंपणापलीकडे असते. जागेचं नाव त्या टोळीलाही चिकटलं. आपल्याकडे डेथ ओव्हर्स टाकणारा गोलंदाज आधी दोन षटकं टाकून, सीमारेषेवर उभा राहून, पुन्हा येऊ शकतो. इथे ती सोय नाही. एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. आणि हंगाम आयपीएलसारखा दोन महिन्यांचा नसतो. २०१९मध्ये २८ मार्च ते २९ सप्टेंबर या १८६ दिवसांत बहुतेक सगळ्या संघांना १६२ सामने खेळायचे होते. रिलीव्हरला आज खेळायचं आहे की नाही हे सामना सुरू होऊन दोन तास उलटेपर्यंत कळत नाही, आणि हे रोज.

तर बुलपेन कोसळतं तेव्हा मॅनेजरसमोर मुख्यतः दोन निदानं असतात. एक, पोरं दमली आहेत. दोन, पोरांचं नशीब वाईट चाललं आहे. धावफलकावर दोन्ही रोगांची लक्षणं हुबेहूब सारखी दिसतात: हिट, हिट, होम रन. उपचार मात्र उलटे. दमलेल्याला बसवायला हवं. दुर्दैवी पिचरला बसवलं तर तुम्ही चांगला माणूस वाया घालवता आणि त्याच्या वाटचं काम दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर टाकून त्याला दमवता.

आधी नशिबाचा हिशेब करू, कारण तो कागदावर करता येतो. रिलीव्हर महिन्यात दहा-बारा इनिंग टाकतो. तेवढ्यात साधारण तीस चेंडू फलंदाज मैदानात मारतात. होम रन सोडले तर मैदानात मारलेल्या चेंडूंपैकी सुमारे ३० टक्के हिट ठरतात, हा मोठ्या लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेचा, वर्षानुवर्षांचा अनुभव. म्हणजे तीसपैकी नऊ. पण नाणं दहा वेळा उडवलं की दर वेळी नेमके पाचच छापे पडतात असं थोडंच आहे? तीस चेंडूंसाठी हा आकडा निव्वळ योगायोगाने अडीच-एकने इकडेतिकडे होणं अगदी सामान्य आहे. नऊऐवजी बारा किंवा जास्त हिट बसण्याची शक्यता १६ टक्के, म्हणजे दर सहा महिन्यांत एक महिना असा जाणारच. पिचर तोच, चेंडू तेच, हातही ताजा. फक्त चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात जाण्याऐवजी दोन हात बाजूने गेले. बुलपेनमध्ये सात जण धरले, तर त्यांच्यातल्या निदान एकाचा महिना असा जाण्याची शक्यता ७० टक्क्यांवर जाते. म्हणजे कुठल्याही महिन्यात, कुठल्याही संघात, शिव्या खाणारा एक तरी रिलीव्हर सापडणं हा जवळपास नियमच म्हणायचा.

मैदानात मारलेल्या चेंडूचं पुढे काय होतं यावर पिचरचा ताबा आपण समजतो त्याहून फारच कमी असतो, हे २००१ साली व्होरोस मॅक्रॅकन या हौशी अभ्यासकाने आकडेवारीतून मांडलं तेव्हा बेसबॉलमधल्या जुन्या मंडळींनी त्याला वेड्यात काढलं होतं. पुढच्या अभ्यासांनी त्याच्या म्हणण्याला थोडी मुरड घातली, पण गाभा टिकला. पिचरच्या खऱ्या ताब्यात मुख्यतः तीन गोष्टी: किती जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडू मैदानात मारू न देताच बाद केलं, किती जणांना भरकटलेल्या चेंडूंमुळे फुकट बेस दिला, आणि काही प्रमाणात किती होम रन खाल्ले. यातला स्ट्राइकआउटचा आकडा सर्वांत लवकर खरं बोलायला लागतो. मानसशास्त्राकडून बेसबॉलच्या आकड्यांकडे वळलेले रसेल कार्लटन यांच्या अंदाजानुसार सुमारे ७० फलंदाजांनंतर त्यावर भरवसा ठेवता येतो. रिलीव्हरसाठी ते साधारण दीड महिन्याचं काम. मैदानात पडलेल्या हिट्सच्या टक्केवारीवर तसाच भरवसा ठेवायचा तर सुमारे २,००० चेंडू लागतात, आणि तेवढे जमेपर्यंत बहुतेक रिलीव्हर निवृत्त झालेले असतात.

आता डियाझकडे या चष्म्यातून बघा. २०१८मध्ये सिॲटलकडून खेळताना त्याने ५७ सामने शेवटपर्यंत राखून दिले. नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, जिला इआरए म्हणतात, १.९६. २०१९मध्ये मेट्सकडे आल्यावर तीच ५.५९. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी त्याला काय ऐकवलं असेल याची कल्पना करा. पण स्ट्राइकआउट मोजले तर २०१८मध्ये नऊ इनिंगमागे १५.२ आणि २०१९मध्ये १५.४. चेंडू फलंदाजांना तितकाच सापडत नव्हता! फरक पडला तो बॅटला लागलेल्या चेंडूंत. आदल्या वर्षी ७३ इनिंगमध्ये ५ होम रन, यंदा ५८ इनिंगमध्ये १५. त्या वर्षी चेंडूच थोडा बदलला होता. शिवण किंचित कमी उंचीची झाली की हवेचा अडथळा घटतो आणि चेंडू लांब जातो, आणि २०१९मध्ये अख्ख्या लीगमध्ये ६,७७६ होम रन झाले, हा विक्रम आहे. डियाझचा स्लायडर हा शेवटी बाजूला सरकणारा चेंडूही त्या वर्षी अधूनमधून मधोमध लटकत होता, तेव्हा सगळं खापर चेंडूवर फोडणं बरोबर नाही. पण ज्याला संपला म्हणत होते त्याचीच २०२२ची सरासरी १.३१ होती, ६२ इनिंगमध्ये ११८ स्ट्राइकआउट.

हा झाला कागदावरचा भाग. हात कागदावर मावत नाही.

पिचर चेंडू सोडतो त्याच्या आधीच्या शतांश सेकंदांमध्ये त्याचा दंड खांद्यात आतल्या बाजूला सेकंदाला सुमारे ७,००० अंश वेगाने फिरतो. म्हणजे सेकंदाला जवळजवळ २० फेऱ्यांचा वेग. आपल्या छतावरचा पंखा पाचावर असतानाही याच्या तिसऱ्या हिश्श्याने फिरतो. अर्थात हात पूर्ण फेरी मारत नाही, पण तेवढा वेग गाठून लगेच थांबतो, आणि हे थांबणंच महाग पडतं. दंड मागे ताणला जातो त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूला जो पीळ बसतो तो अलाबामातल्या ग्लेन फ्लायसिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली सुमारे ६४ न्यूटन-मीटर मोजला. हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर असं समजा की कोपरापासून फूटभर अंतरावर २० लिटर पाण्याचा भरलेला जार लटकवला आहे आणि त्याचं सगळं ओझं कोपर आडवं उघडायला बघतं आहे. दर चेंडूला.

कोपर उघडू न देणारा जो अस्थिबंध आहे तो करंगळीच्या बाजूला, आत असतो. मृतदेहांवरच्या प्रयोगांत तो एकटा साधारण याच्या निम्म्या पिळाला तुटतो. मग पिचरचा पहिल्याच चेंडूला का तुटत नाही? कारण हाताच्या पुढच्या भागातले, मनगट आणि बोटं वाकवणारे स्नायू त्याच क्षणी आवळले जाऊन बरंचसं ओझं उचलतात. सगळी मेख इथे आहे. अस्थिबंध दमत नाही, स्नायू दमतात. दमलेला स्नायू उशिरा आणि कमी आवळतो, आणि उरलेला पीळ मुकाट अस्थिबंधाच्या वाट्याला जातो. पिचरला त्या वेळी काही कळेलच असं नाही.

क्रिकेटमध्ये गोलंदाजाला कोपर १५ अंशांहून जास्त सरळ करायला बंदी असल्यामुळे हे ओझं कोपरावर न येता पाठीच्या मणक्यांवर येतं. जसप्रीत बुमराहची शस्त्रक्रिया मार्च २०२३मध्ये पाठीवरच झाली होती, आणि २०२५च्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच कसोटी तो खेळला तो याच हिशेबातून. ‘एवढा पैसा घेतो आणि दोन सामने बसतो’ म्हणणाऱ्यांनी २० लिटरचा जार एकदा आठवावा.

दुसऱ्या दिवशी हात दुखतो तो लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे, ही समजूत अमेरिकेतल्या जुन्या पिचर्समध्येही होती आणि आपल्या व्यायामशाळांत अजून आहे. ते आम्ल तासाभरात निघून जातं. दुखणं येतं ते हात थांबवताना खांद्याच्या मागच्या स्नायूंना लांबत लांबत आवळावं लागतं त्यातून. त्यात तंतूंना बारीक इजा होते, सूज येते, आणि ती भरून यायला एक ते तीन दिवस लागतात. म्हणूनच लागोपाठ दोन दिवस चालतं, तिसरा दिवस टाळावा, असा आज बहुतेक संघांचा पाळलेला संकेत आहे.

संकेत हा शब्द मुद्दाम वापरला, कारण माणसामाणसात फरक असतो, आणि किती असतो हे १९७४ साली लॉस एंजेलिस डॉजर्सच्या एकाच संघात दिसलं. त्या संघाचा रिलीव्हर माइक मार्शल त्या वर्षी १०६ सामन्यांत खेळला आणि २०८ इनिंगहून जास्त टाकल्या. जून-जुलैमध्ये तर लागोपाठ १३ सामने. आजचा चांगला रिलीव्हर वर्षाला ६५ इनिंग टाकतो. मार्शल शरीराच्या हालचालींच्या शास्त्राचा अभ्यासक होता, पुढे त्याने त्यात डॉक्टरेटही घेतली. आपण हात वेगळ्या पद्धतीने फिरवतो म्हणून दमत नाही, असं तो सांगायचा. त्याला त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम पिचर ठरवलं, रिलीव्हरला तो मान मिळण्याची पहिलीच वेळ. आणि त्याच संघाचा स्टार्टर टॉमी जॉन याच्या कोपरातला तोच अस्थिबंध त्याच जुलै महिन्यात फाटला. २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हाताच्या मनगटाजवळचा कंडरा काढून तिथे बसवला. यश मिळण्याची शक्यता शंभरात एक, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. टॉमी जॉन १९७६मध्ये परतला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला. आज ती शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या नव्हे, रोग्याच्या नावाने ओळखली जाते. दोघांचे कपाटाचे कप्पे एकाच खोलीत होते, आणि एकाच्या हातावरून दुसऱ्याच्या हाताचा अंदाज बांधणं किती धोक्याचं, याला दुसरा दाखला लागू नये.

मग मॅनेजरने दमणूक ओळखायची कशी? विचारून उपयोग नाही. ‘कसा आहे हात?’ या प्रश्नाला कुठलाही पिचर ‘मस्त’ असंच उत्तर देतो, कारण नाही म्हटलं तर त्याची जागा घ्यायला खालच्या लीगमधून कुणीतरी बॅग भरून तयारच असतो. म्हणून चेंडूला विचारावं लागतं. २०१५पासून मोठ्या लीगच्या सगळ्या मैदानांवर प्रत्येक चेंडू मोजला जातो, आधी रडारने आणि २०२०पासून हॉक-आयच्या कॅमेऱ्यांनी. हो, डीआरएसमुळे आपल्या घराघरांत भांडणं लावणारं तेच हॉक-आय. वेग, फिरकी, हातातून चेंडू सुटला ती जागा, सगळं सेंटिमीटरमध्ये. दमलेल्या पिचरचा हात थोडा खाली येतो. सुटण्याची जागा दोन-चार सेंटिमीटर घसरते. वेग घटतो. यात एक गंमत आहे: उन्हाळ्यात अंग मोकळं राहतं म्हणून पिचर्सचा वेग एप्रिलपेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये थोडा वाढतो. त्यामुळे सप्टेंबरमधला वेग एप्रिलएवढाच दिसला तर मॅनेजरने ‘सगळं ठीक आहे’ म्हणू नये. तो खाली आलेला वेग आहे.

दोन मैलांनी असा काय मोठा फरक पडतो, असं कुणालाही वाटेल. ताशी ९५ मैल, म्हणजे १५३ किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटून फलंदाजापर्यंत पोचायला सुमारे ०.४१ सेकंद घेतो. तोच ९३ मैलांनी टाकला तर साधारण आठ-नऊ हजारांश सेकंद जास्त. तेवढ्या जादा वेळात तो दोन-तीन सेंटिमीटर जास्त खाली येतो. मागच्या दिशेची फिरकी चेंडूला थोडं वर धरून ठेवते, नाहीतर आणखी आला असता. बेसबॉलची बॅट जास्तीत जास्त ६.६ सेंटिमीटर जाड, चेंडू ७.३. दोन्ही गोल. गोलावर गोल आपटतो तेव्हा एक-दोन सेंटिमीटरच्या फरकाने आकाशात उडालेला सोपा झेल होतो किंवा कुंपणापलीकडे गेलेला होम रन. ‘नेहमीसारखाच टाकला होता’ असं पिचर म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. फक्त दोन सेंटिमीटर त्याला दिसत नाहीत.

आणि जे कुठल्याच कॅमेऱ्याच्या हिशेबात धरलं जात नाही ते बुलपेनमध्ये घडतं. मॅनेजर फोन करतो, पिचर उठून वीस-पंचवीस चेंडू टाकून हात गरम करतो, तेवढ्यात समोरचे दोघं बाद होतात आणि मॅनेजर म्हणतो, राहू दे, बस. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तो पिचर ‘खेळला नाही’ म्हणून दिसतो. त्याच्या खांद्याच्या हिशेबात मात्र ते वीस चेंडू चढलेले असतात. आठवड्यातून दोन वेळा असं झालं की विश्रांतीचा दिवस नावापुरता राहतो. कोसळत्या बुलपेनचा मॅनेजर घाबरून जास्त फोन करतो, हा या रोगातला दुष्टचक्राचा भाग.

फोनवरून आठवलं. २४ ऑक्टोबर २०११, वर्ल्ड सिरीज या अजिंक्यपदाच्या मालिकेचा पाचवा सामना, टेक्सासमधलं आर्लिंग्टन. सेंट लुइसचे मॅनेजर टोनी ला रुसा यांनी बुलपेनला फोन करून दोन नावं सांगितली. प्रेक्षकांच्या गोंगाटात पलीकडे एकच ऐकू आलं. पुन्हा फोन केला तर हव्या त्या जेसन मॉटऐवजी लान्स लिन ऐकलं गेलं. नको तो पिचर उभा राहिला, हवा तो थंडच होता, आणि माइक नापोलीने दोन धावांचा डबल मारून सामना नेला. फोनच्या त्या टोकाला होते बुलपेन कोच डेरेक लिलिक्विस्ट. तेच लिलिक्विस्ट २०१९मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सचे पिचिंग कोच होते, आणि बुलपेन मार खातंय म्हणून २ मे रोजी त्यांना नारळ मिळाला.

आता उरला प्रश्न कुणाला कधी आणायचं याचा. इथे बेसबॉलने स्वतःच स्वतःच्या पायात बेडी घालून घेतली आहे, आणि तिचं नाव सेव्ह. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी १९६०च्या सुमारास हा आकडा सुचवला आणि १९६९पासून तो अधिकृत झाला. साधारणपणे तीन किंवा कमी धावांची आघाडी शेवटची इनिंग टाकून राखली की एक सेव्ह. हेतू चांगला होता. रिलीव्हरला आधी कुणी विचारतच नव्हतं. पण झालं असं की आकडा मोजू लागल्यावर मॅनेजर आकड्यासाठीच पिचर राखून ठेवू लागले. सर्वोत्तम पिचर नवव्या इनिंगला. मग सातव्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले असोत, एका धावेची आघाडी असो, आणि समोर प्रतिस्पर्धी संघाचा सर्वांत धोकादायक फलंदाज असो, सर्वोत्तम माणूस कुंपणामागे बसून शेंगदाणे खाणार. आकडेशास्त्रज्ञांनी यावर एक मोजमाप काढलं: या क्षणी एका फलंदाजाच्या पाळीने जिंकण्याची शक्यता किती हलू शकते. सरासरी क्षणाला १ धरलं तर तीन धावांच्या आघाडीने सुरू होणारी नववी इनिंग अनेकदा त्याच्याही खाली असते, आणि सातवीतला तो पेच तीन-चारच्या वर.

४ ऑक्टोबर २०१६ला टोरांटोमध्ये याचा कडेलोट झाला. बाल्टिमोरचा क्लोजर झॅक ब्रिटन, त्या वर्षी ४७पैकी ४७ सेव्ह, सरासरी ०.५४. हरला तो घरी, असा एकच सामना. बरोबरी, जादा इनिंग. पाहुण्या संघाकडे आघाडीच नाही, म्हणजे सेव्ह नाही, म्हणून ब्रिटन बसून. अकराव्या इनिंगमध्ये उबाल्दो हिमेनेझला एड्विन एन्कार्नासिऑनने तीन धावांचा होम रन मारला आणि हंगाम संपला. ब्रिटनने त्या सामन्यात एकही चेंडू टाकला नाही.

म्हणून काय, सर्वोत्तम माणूस रोज लवकर आणावा? त्याच महिन्याच्या शेवटी त्याचंही उत्तर मिळालं. वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो कब्जचे मॅनेजर जो मॅडन यांनी आरोल्डिस चॅपमनला पाचव्या सामन्यात ४२ चेंडू टाकायला लावले. हा तोच चॅपमन, ज्याने २०१०मध्ये ताशी १०५.८ मैलांचा, म्हणजे १७० किलोमीटरचा चेंडू टाकला होता. एक दिवस सोडून सहाव्या सामन्यात, पाच धावांची आघाडी असताना, पुन्हा २० चेंडू. दुसऱ्याच रात्री, २ नोव्हेंबरला, सातव्या सामन्यात तो आठव्या इनिंगमध्ये आला तेव्हा त्याचा वेग नेहमीच्या मानाने उतरलेला होता आणि क्लीव्हलंडच्या राजाय डेव्हिसने, जो होम रनसाठी मुळीच प्रसिद्ध नव्हता, त्याला कुंपणाबाहेर भिरकावलं. कब्ज दहाव्या इनिंगमध्ये जिंकले आणि १०८ वर्षांनी अजिंक्य ठरले, म्हणून मॅडन वाचले. आघाडी पाच धावांची असताना टाकून घेतलेले ते २० चेंडू मला आजही समजलेले नाहीत.

परत २०१९च्या वॉशिंग्टनला येऊ. नॅशनल्सच्या बुलपेनची सरासरी हंगामअखेर साडेपाचच्या वर होती, मोठ्या लीगच्या दोन गटांपैकी नॅशनल लीगच्या १५ संघांत सर्वांत वाईट. मे महिन्यात संघ १९ विजय, ३१ पराभवांवर होता. क्लोजर शॉन डूलिटल इतका वापरला गेला की १७ ऑगस्टला मिलवॉकीने नवव्या इनिंगमध्ये त्याला तीन होम रन मारले आणि दुसऱ्या दिवशी तो गुडघ्याच्या दुखण्याने यादीबाहेर गेला. खेळाडू अदलाबदलीची मुदत त्या वर्षीपासून ३१ जुलै ही एकच होती. त्या दिवशी नॅशनल्सनी तीन रिलीव्हर आणले. त्यांतला रोएनिस एलियास नव्या संघाकडून पहिल्याच सामन्यात बॅटिंगला गेला आणि पहिल्या बेसकडे पळताना मांडीचा स्नायू दुखावून बसला. दुसरा, डॅनियल हडसन, सोनं निघाला: वॉशिंग्टनकडून सरासरी १.४४. सप्टेंबर उजाडला तसा नियमाप्रमाणे संघ ४० जणांपर्यंत फुगवता येत होता, त्यामुळे ताजे हात भरपूर होते. पण ताजा हात म्हणजे चांगला हात नव्हे, हे ३ सप्टेंबरच्या त्या नवव्या इनिंगमध्ये दोन्ही संघांनी दाखवून दिलंच. (आता सप्टेंबरमध्ये फक्त २८ जण मिळतात, आणि २०२०पासून प्रत्येक पिचरला निदान तीन फलंदाज किंवा इनिंगचा शेवट गाठावाच लागतो. अविलानला एका फलंदाजानंतर काढणं आज जमलं नसतं.)

बाद फेरीत मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ यांनी रोगावर इलाज केलाच नाही. रोगी अवयवच वापरायचा बंद केला. हे लांब हंगामात शक्य नसतं, पण ऑक्टोबरमध्ये मधेमधे सुट्टीचे दिवस असतात आणि उद्याची फिकीर कमी असते. हडसन आणि डूलिटल सोडले तर इतर रिलीव्हर शक्यतो बसवले आणि मधल्या इनिंग स्टार्टर्सकडूनच टाकून घेतल्या. १ ऑक्टोबरच्या एका सामन्याच्या फेरीत स्टीव्हन स्ट्रासबर्ग कारकिर्दीत पहिल्यांदाच बुलपेनमधून आला आणि तीन इनिंग एकही धाव दिली नाही. जमलंच दर वेळी असं नाही. पाच दिवसांनी पॅट्रिक कॉर्बिन असाच बुलपेनमधून आला आणि दोन गडी बाद करेपर्यंत सहा धावा देऊन बसला. अशा रात्री मॅनेजरला पुन्हा तोच प्रश्न: दमला, की नशीब? मार्टिनेझ यांनी कॉर्बिनला टाकून दिलं नाही.

३० ऑक्टोबर, ह्यूस्टन, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना. सातव्या इनिंगपर्यंत ह्यूस्टन २-०ने पुढे. त्यांच्या झॅक ग्रिंकीने ८० चेंडूंत सामना मुठीत ठेवला होता, पण फलंदाज त्याला तिसऱ्यांदा बघत होते आणि तिसऱ्या फेरीत फलंदाज कुठल्याही पिचरला जास्त चांगलं ओळखतात, हे आकड्यांनी सिद्ध झालेलं आहे. अँथनी रेंडनने होम रन मारला, पुढच्याला फुकट बेस मिळाला, आणि मॅनेजर ए. जे. हिंच यांनी ग्रिंकीला काढलं. त्यांचा सर्वांत जबरदस्त स्टार्टर गेरिट कोल बुलपेनमध्ये हात गरम करून गेला होता. आला मात्र विल हॅरिस, हंगामाची सरासरी १.५०. तो आदल्या रात्रीही खेळला होता आणि रेंडनने त्यालाही होम रन मारला होता.

हॅरिसने हॉवी केंड्रिकला कटर, म्हणजे शेवटी किंचित बाजूला वळणारा वेगवान चेंडू, टाकला, खाली आणि बाहेरच्या कोपऱ्यावर, जिथे टाकायचा असतो तिथेच. केंड्रिकने बॅट पुढे टाकली, चेंडू उजवीकडे उंच गेला आणि फाउलच्या खांबावर आदळला. तो आवाज चित्रफितीत स्पष्ट ऐकू येतो. खांबाला लागला म्हणून होम रन, खांबाच्या उजवीकडून गेला असता तर नुसता एक फाउल, म्हणजे हद्दीबाहेरचा चेंडू. ३-२. त्यानंतर कॉर्बिनने सामन्यातल्या आपल्या तीनही इनिंग शून्यावर पुऱ्या केल्या, नववी हडसनने टाकली, आणि नॅशनल लीगमधलं सर्वांत वाईट बुलपेन असलेला संघ ६-२ने अजिंक्य झाला.

दोन महिन्यांनी, जानेवारी २०२०मध्ये, नॅशनल्सनी बुलपेनसाठी नवा माणूस घेतला, तीन वर्षांच्या करारावर. विल हॅरिस.